धबधब्याची फ्रेम आणि अकरावी आर्ट्स

सौंदर्यशास्त्र शिकवायला घेतलं की मी आधी फळ्याकडे वळतच नाही. नाशिकच्या पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानांत मिळते ती लाइटवाली फ्रेम टेबलावर ठेवते आणि प्लग लावते. हिरवे डोंगर, दोन हरणं, लाल कौलांचं घर आणि मधोमध धबधबा. पाणी चक्क वाहतं. पोरं फिदीफिदी हसतात. मग मागचं झाकण काढते. आत एक दिवा, इवलीशी मोटर आणि तिच्यावर गरगर फिरणारं पट्ट्यापट्ट्यांचं प्लॅस्टिक.

असल्या भडक, गोडगोड, सवंग कलेला किच म्हणतात, हे एव्हाना कुणीतरी मोबाइलवर शोधलेलं असतंच. अमेरिकन समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ मध्ये मांडलं की किच आपल्यासाठी कला आधीच पचवून ठेवतं, आपण फक्त गिळायचं. मुलांना हे झटकन पटतं. जरा जास्तच झटकन. कारण हा शब्द हाती लागला की पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरातलं शोकेस आठवतं. सिडकोतली मुलगी गंगापूर रोडवरच्या बंगल्यातल्या कारंज्याला हसते, बंगल्यातला मुलगा तिच्या प्लॅस्टिकच्या तोरणाला. हा खेळ मी चालू देत नाही. नाक मुरडायला तत्त्वज्ञान कशाला लागतं?

म्हणून लगेच जर्मन तत्त्वज्ञ कांट काढते. १७९० च्या ग्रंथात त्यानं एक मजेदार किस्सा दिलाय. चांदण्या रात्री नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं ऐकून पाहुणे खूश. प्रत्यक्षात यजमानानं झुडपात एक पोरगा लपवलाय आणि तो तोंडानं आवाज काढतोय. कांट म्हणतो, ही लबाडी कळली की तेच गाणं कुणाला फार वेळ ऐकवणार नाही.

यंदा यावर मागच्या बाकावरून दिंडोरीकडचा एक मुलगा बोलला. एरवी हजेरीपुरताच त्याचा आवाज.

“मॅडम, आमच्या आजीकडं हीच फ्रेम आहे. तिला माहितीये आत मोटर आहे. बंद पडली तेव्हा तिनंच नीट करून आणली. तरी दिवाबत्ती झाली की रोज लावती आणि बघत बसती.”

घ्या! लबाडी कळलेली, वर तिची दुरुस्तीही केलेली, आणि आनंद जागच्या जागी. कांटचा पाहुणा उठून गेला, आजी बसून आहे.

मग मी चेक लेखक मिलान कुंदेराच्या १९८४ च्या कादंबरीतले दोन अश्रू सांगितले. हिरवळीवर धावणारी मुलं बघून पहिला अश्रू येतो. ती बघून आपण साऱ्या जगासोबत किती हेलावलो, या कौतुकानं दुसरा. किच होतं ते या दुसऱ्यामुळे.

“म्हणजे सोमेश्वरच्या धबधब्यावरची आमची रील?” पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. पावसाळ्यात गोदावरीवरच्या या धबधब्यावर सगळेच जातात. गाणं रिक्षात बसल्याबसल्याच ठरतं, आणि मग पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं.

माझं मत मी सांगून टाकलं: आजीच्या घरात किच नाही, खऱ्याखुऱ्या गोदावरीच्या काठावर आहे. अर्धा वर्ग खवळला. रील काढणाऱ्यांना धबधबा आवडतच नाही असं कोण म्हणतं, हा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, “आणि मॅडम, तुम्ही आता घरी जाऊन हे सगळं ब्लॉगवर लिहिणार, ते कितवा अश्रू?”

पुढचा तास सोमवारी आहे.