दुसरी बातमी

शनिवार, 11 ऑक्टोबर 2025. रात्रीचे साडेदहा.

सोमवारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर एव्हाना विसरले असते. पण बोलले मीच.

"अगं, ही बातमी नसते. पेपरातली वाच."

सोमवारी परिपाठात बातम्यांची पाळी सात नंबरची होती. (नाव लिहीत नाही, हजेरीतला नंबर पुरे.) राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झालं आणि ती पुढे आली. हातात पेपर नव्हता. दोन्ही हात मागे, एक पाय दुसऱ्या पायावर. "आजच्या बातम्या," म्हणाली. "दोन बातम्या हैत. पयली बातमी. कोजागिरी झाली की आमची गाडी येणारे. ह्या साली मलापण जायाचंय, धाकट्याला बगाया."

तिथंच मी अडवलं. पोरं हसली. त्याआधी सगळी गप्प होती, कान देऊन ऐकत होती, हे मला रात्री आठवलं. माझ्या बोलण्यानंच त्यांना हसायची मुभा मिळाली. तीही जराशी हसली आणि जागेवर जाऊन बसली. मग चौथीतल्या एकानं गठ्ठ्यातला पेपर काढून क्रिकेटची बातमी वाचली, पाढे झाले, पसायदान झालं, वर्ग सुरू झाले.

दुसरी बातमी राहून गेली.

का अडवलं, याची कारणं मी आठवडाभर गोळा करते आहे. सर त्या दिवशी मीटिंगला गेलेले, म्हणजे चारही वर्ग माझ्याकडे. अकराच्या आत भरून द्यायची एक माहिती होती. ती मागच्या महिन्यातही दिलेली, फक्त आता रकाने वेगळे. पहिलीतल्या एकाला उलटी झालेली. कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, आमचा पट 37, म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित आहे. पण एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याचा दिवस कसा जातो, ते कुठल्या रकान्यात भरायचं? सोमवारी रात्री मला स्वतःची फार कीव आली होती. वाटलं, आपण सकाळी सहाला उठतो, डबे करतो, दोन गाड्या बदलून वस्तीवर पोचतो, गेल्या चार वर्षांत एक दिवस उशीर नाही, आणि एक वाक्य चुकलं तर तेच मनाला खात बसावं? इतकी सगळी बरोबर बोललेली वाक्यं कुठं गेली?

बदलीचं तर बोलायलाच नको. ते जाऊ दे.

मंगळवारी आठ नंबरची पाळी. तो तयारीनं आला होता. आमच्याकडे पेपर एसटीनं दुपारी येतो, त्यामुळे सकाळच्या परिपाठाला नेहमी जुनाच पेपर असतो. त्यानं गठ्ठ्यातला आठवडाभर आधीचा काढला आणि बोट ठेवून, न अडखळता वाचलं, यंदाचा ऊस गाळप हंगाम 1 नोव्हेंबरपासून सुरू होणार. मी म्हणाले, "शाब्बास! छान वाचलंस." टाळ्या वाजवायला लावल्या. सात नंबरनंही वाजवल्या. तिच्या टाळ्या मला आत्ताही दिसतात. तळवे पुरते जुळत नव्हते, बोटांवर बोटं आपटत होती.

संध्याकाळी भाकरी थापताना लक्षात आलं, की बातमी एकच होती. कारखान्याचं धुराडं पेटणार ही पेपरातली बाजू. ऊसतोडीला न्यायला गाडी येणार, मला जायचंय, ही तिच्या दारातली. एकीला मी शाब्बास म्हणाले आणि दुसरीला म्हणाले, ही बातमी नसते.

तव्यावरची भाकरी करपली. घरात कुणी काही म्हणालं नाही.

आणि खरं सांगायचं तर या आठवड्यात आमच्या गावात दुसरी बातमीच नव्हती. एरवी आमच्या भागातली बरीच माणसं दिवाळी करून जातात. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं, कापूस काळा पडला, बांध वाहून गेले. दिवाळी करायला घरात काही उरलं नाही. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. दसरा झाला तशा टोळ्या हलायला लागल्या. दुकानावर तेच, पाण्यावर तेच, देवळापुढे तेच. कोण कोल्हापूरकडे, कोण बेळगावकडे, कुणाचा कोयता पुरा, म्हणजे नवरा-बायको दोघं, कुणाचा अर्धा, म्हणजे एकटंच. ती नऊ वर्षांची पोर हे सगळं ऐकून, त्यातलं स्वतःच्या वाट्याचं नेमकं निवडून, दोन वाक्यांत बांधून आली होती. ठिकाण सोडलं तर कोण, कधी, कशासाठी, सगळं त्यात होतं. मोठ्या माणसाला सांगूनही जमत नाही.

पेपरातून बातमी कशी निवडायची हे मी त्यांना जूनमध्ये शिकवलं होतं. "जी ऐकून आपल्या गावातल्या माणसांना उपयोग होईल ती." हेही माझंच वाक्य.

बुधवारी तिचे वडील शिक्षण हमी कार्ड न्यायला आले. मी भरून ठेवलं होतं. नाव, इयत्ता तिसरी, काय काय येतं. वाचन येतं, हातच्याची बेरीज येते, वजाबाकी अजून कच्ची. तिकडच्या शाळेत हे दाखवा, तिला बसवून घेतील, असं मी दरवर्षी सांगते तसं सांगितलं. ते मान हलवत होते. आम्हाला दोघांनाही माहीत होतं, की आई-वडील पहाटे उसाच्या फडात गेल्यावर धाकटा तिच्या कडेवर असणार आणि कोपी, म्हणजे तिथली झोपडी, सोडून तिला हलता येणार नाही. मागच्या दोन वर्षी ती आज्जीजवळ राहिली होती, हंगामी वसतिगृहात दोन वेळ जेवायची, शाळा एक दिवस बुडवली नव्हती. तेव्हा धाकटा नव्हता. मी म्हणून पाहिलं, "पोरीला ठेवा की. वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवलाय आम्ही." ते म्हणाले, "मॅडम, ठिवली असती. पण लेकराला कोण बगनार? हिची आई मोळ्या बांधनार का त्याला घेनार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वसतिगृहाची मंजुरीही अजून आलेली नाही, ती यायची तेव्हा येते.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दप्तर पाठीवर. मला म्हणाली, "मॅडम, पुस्तकं न्यायची का हितंच ठिवायची?" मी म्हणाले, "ने. सगळी ने." तिनं दप्तर उघडून वाचनपेटीतलं एक चित्रांचं पुस्तक बाहेर काढलं. "हे शाळंचंय. वाचून व्हायचंय अजून." अर्ध्यावर खूण म्हणून आत कडुलिंबाची काडी ठेवलेली. मी म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे, आल्यावर दे." तिनं ते परत आत ठेवलं, काडी हलू न देता.

तेव्हा विचारता आलं असतं. अगं, सोमवारची दुसरी बातमी काय होती? चार शब्द लागले असते. तेवढ्यात वडिलांची सही राहिली म्हणून मी पॅड शोधायला लागले, अंगठ्याची शाई वाळली होती, त्यात पाणी घातलं. अंगठा उमटेपर्यंत ती बाहेर जाऊन पोरींत लगोरीला लागली होती. बुधवारी रात्री ट्रॅक्टर आला.

गुरुवारी हजेरी घेताना सहानंतर मी सात म्हणाले आणि थांबले. पोरं म्हणाली, "गेली मॅडम." पाच जणं गेलीत पहिल्या गाडीनं. दिवाळीपर्यंत चौदा जातील. नावं पटावर राहतात, कमी करायची नसतात. मावशींनी तांदळाच्या कोठीपाशी उभं राहून विचारलं, "बाई, आज किती घालू?" पोरामागं 100 ग्रॅम. बुधवारपर्यंत 3 किलो 700. मी म्हणाले, 3 किलो 200. मावशींनी मापानं काढलेले तांदूळ परत थोडे कोठीत ओतले. तो आवाज इतका बारीक होता, आणि मला तो अख्खी दुपार ऐकू येत राहिला.

शुक्रवारी मी हे सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी विसरली असेल. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" ते चांगल्या मनानंच म्हणाले. पण माझी अडचण तीच आहे. ती रागावली असती, रुसली असती, तर मी समजूत काढली असती. ती माझं ऐकून गेली. मॅडम म्हणतात ही बातमी नाही, म्हणजे नसेल. घरचं, आपलं, ते बातमीत येत नाही, असं ती मनात पक्कं करून ट्रॅक्टरवर बसली असेल, तर ते आता कोण पुसणार? तिकडे फडावर पाच-सहा महिन्यांत तिच्याबाबतीत कितीतरी घडेल. ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटेल का?

शुक्रवारी रात्री आमची सोनू शाळेतलं काहीतरी सांगत होती. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. चौथ्या शिट्टीला लक्षात आलं, की ती बोलायची थांबली आहे.

गॅस बंद केला आणि म्हणाले, सांग.

आज सकाळची शाळा, शनिवार, दप्तराविना. दिनविशेषात आंतरराष्ट्रीय बालिका दिन. मी फळ्यावर लिहिलं, मुलींनी फुलं काढली, फोटो काढून पाठवला. मग बातम्यांच्या वेळी मी पोरांना सांगितलं, की सोमवारी मी एक चूक केली. बातमी पेपरातलीच लागते असं नाही. आपल्या घरातली, आळीतली, रानातली, खरी असली आणि दुसऱ्याला सांगावीशी वाटली की ती बातमी. इथून पुढं आधी आपल्या गावाची, मग पेपरातली. बोलताना माझा आवाज जरा हलला. पोरांना ते कळलं असेल, पण ती काही बोलली नाहीत. माफी मागायची ती ज्या पोरीची, ती तिथं नव्हती. पण जेवढं हातात होतं तेवढं केलं. सोमवारपासून पहिल्यांदा छाती जरा मोकळी झाली. चारही वर्ग एकटीनं सांभाळताना असं पुन्हाही होईल, ते मला कळतं. तेव्हाही असंच उभं राहून सांगावं लागेल.

कुणाला काही सांगायचंय का, विचारलं. आधी कुणीच उठेना. मग तिच्या शेजारी बसणारी अकरा नंबर उभी राहिली. ही कधी बोलत नाही. हात मागे, अगदी तश्शीच.

"आजची बातमी. सात नंबरच्या घरी कोंबडी खुडूक बसलीय. नऊ अंडी हैत. रयवारी बसवली."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. सोमवारी सांगनार व्हती. दुसरी बातमी तीच व्हती, मॅडम. पिल्लं निघाय ती नसनार ना, मनून समद्यांना सांगनार व्हती. कुनीतरी जाऊन बगा मनून."

वर्ग एकदम जिवंत झाला. कुणी म्हणालं मांजर आहे त्या आळीत. कुणी म्हणालं, आज्जी डालग्याखाली झाकते, मी बघितलंय. आठ नंबरनं विचारलं, किती दिवस लागतात? मावशी दारातून म्हणाल्या, "एकवीस." मग आम्ही फळ्यावर मोजलं. 5 ऑक्टोबरला बसवली, अधिक 21. चौथीतल्यांनी आधी सांगितलं, पहिलीतल्यांनी बोटं मोजून शेवटी तिथंच आणलं. 26 ऑक्टोबर, रविवार.

दिवाळीची सुट्टी असेल. मी गावी असेन. पण अकरा नंबर वस्तीवरच राहते, तिची माणसं यंदा जाणार नाहीत. तिला सांगितलंय, रविवारी सकाळी जाऊन बघायचं, नऊतली किती निघाली, रंग कसे आहेत, सगळं नीट. मग मावशींच्या फोनवरून मला कळवायचं. सात नंबरच्या वडिलांचा नंबर पालक नोंदवहीत आहे, आज मी माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला. दुपारी फडात असतील, संध्याकाळी लावेन. तिच्याकडे द्या म्हणेन. आधी "आजच्या बातम्या" म्हणायचं, आणि मग सांगायचं.