तुम्ही विचारलंत म्हणून: दोघंही कामाला, मग पोर कुणाकडे?

हा प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत शिफ्ट करणारी जोडपी विचारतात, तसा तिथल्याच वडगावचे विणकरही विचारतात. उत्तर एकच: कामं वाटू नका, तास वाटा. "अंघोळ तू, दूध मी" ही वाटणी आठवडाभरही टिकत नाही, कारण पोर कामाप्रमाणे रडत नाही. ज्याचा तास, त्याचं सगळं: शी, ताप, लसीची तारीखसुद्धा.

शिफ्टवाल्यांचं गणित दुपारी दोनला फसतं. तो दोनला सुटतो, हाताचं ऑईल धुऊन घरी पोचायला पावणेतीन. तिची शिफ्टही दोनचीच, म्हणजे ती सव्वाला निघणार. हा दीड तास कुणाचा, हे आधी ठरवा. शेजारणीचा असेल तर महिन्याचे पैसे ठरवून द्या. उपकारावर चालणारा दीड तास सणासुदीला हमखास बुडतो. आणि नाईट करून आलेला बाप "घरीच" धरू नका. दुपारपर्यंत तो झोपलेलाच मोजायचा. पेंगत पोराला कुशीत घेणं धोक्याचं असतं.

खरी फसगत घरातल्या कामाची. "ती घरातच असतीय की!" निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि रांगतं पोर नेमकं तिकडंच येतं. विणकराच्या मागाच्या खोलीत तर फिरता पट्टा आणि झपाट्यानं ये-जा करणारा धोटा. हे बसून असणं नव्हे, कामावर असणंच आहे. चार दिवस मोजून बघा: पोर दुसऱ्याकडं असताना किती विड्या झाल्या, जवळ असताना किती. त्या फरकाच्या विड्यांना लागतात तेवढे तास नवऱ्यानं किंवा सासूनं दाराची कडी लावून घ्यायचे. पाजायच्या आधी तिनं हात धुऊन तंबाखूची साडी बदलायची.

कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसात चार वेळा तिथं जाऊ द्यायला हवं. रजा संपायच्या दोन आठवडे आधी बापानं काढलेलं दूध पाजायची सवय लावावी. वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी) बरं, बाटली नको. त्या वेळी आई घरात नको. तिचा वास आला की पोर चमच्याला तोंड लावत नाही. दूध ६० ते ९० मिली असं वेगवेगळं ठेवा, वर वेळ लिहा. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्याच्या वाटीत भांडं ठेवायचं. उष्टं उरलेलं परत ठेवू नका.

पैशाचं एकच. तिचा पगार १४,००० आणि पाळणाघर ४,००० असेल, तर "दहाच हजारांसाठी कशाला जायचं" हा हिशेबच चुकीचा. चार हजार दोघांच्या पगाराच्या बेरजेतून जातात. चंदगडहून आजी येणार असेल तर तिचं तिकीटही त्यातच धरा. शक्ती योजनेचा सरकारी बसचा मोफत प्रवास कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना, शिनोळीच्या हद्दीपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, आधार कार्डावर नाही.