मदरबोर्ड बदलला, विंडोज चढलं, पण नेट येत नाही

जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बसवला, स्क्रीनवर चित्र आलं, विंडोज चढलं, आणि टास्कबारवर नेटच्या जागी गोल जाळीदार चिन्ह दिसतंय. अशा वेळी बहुतेकांचा हात राउटरच्या रिसेटच्या भोकाकडे जातो. तो आवरा. आधी त्याच वायफायवर मोबाईल चालतोय का ते बघा, आणि बघताना मोबाईलचा डेटा बंद ठेवा. मोबाईलवर पानं उघडत असतील तर राउटर आणि बाहेरून येणारी लाईन ठीक आहे, दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. रिसेट केलंत तर राउटरमधलं पीपीपीओईचं, म्हणजे नेट देणाऱ्याकडे लॉगिन करायचं, यूजरनेम आणि पासवर्ड पुसलं जाईल, आणि एका दुखण्याची दोन होतील.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे लॅनचा (केबलने नेट घेणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, नसणं. अलीकडच्या मदरबोर्डांवर अडीच गिगाबिटची लॅन चिप असते आणि जुन्या विंडोज १० च्या इन्स्टॉलेशन यूएसबीवर तिचा ड्रायव्हर अनेकदा नसतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह ‘इथरनेट कंट्रोलर’ दिसला तर गोष्ट तिथेच अडली आहे. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हेन’ या अक्षरांपुढे १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची. त्यापुढे ‘डेव्ह’च्या नंतर ८१२५ दिसलं तर ती रिअलटेकची अडीच गिगाबिटवाली. आता ड्रायव्हर शोधताना अंदाजपंचे काही उतरवावं लागत नाही.

पण नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कसा? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंग्जमधून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून कॉम्प्युटरला मिळेल. विंडोज त्या फोनलाच नेटवर्क कार्ड समजतं, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. आयफोनला मात्र ॲपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे पुन्हा तोच पेच. ड्रायव्हर मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून, आपल्या नेमक्या मॉडेलच्या पानावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनचं नावच नसेल, अगदी पिवळा त्रिकोणसुद्धा नसेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ चालू आहे का ते बघा.

वायफायची गंमत वेगळी. वायफाय असलेल्या बोर्डाच्या मागच्या बाजूला दोन सोनेरी आटे असतात, त्यांवर अँटेना बसवायच्या असतात, आणि त्या खोक्यातच राहून जातात. अँटेनाशिवायही शेजारच्या टेबलावरचा राउटर दिसतो, म्हणून संशय येत नाही, पण भिंतीपलीकडे गेलं की सिग्नल मरतो. जुन्या बोर्डावरचं एम डॉट टू खाचेतलं वायफाय कार्ड काढून नव्यात लावलं असेल तर त्याचं मॉडेल वाचा. इंटेलचे एएक्स२०१ आणि एएक्स२११ हे फक्त त्यांना साथ देणाऱ्या इंटेल प्रोसेसरच्या बोर्डांवरच चालतात, एएमडीच्या बोर्डावर ते दिसणारच नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० ला ही अट नाही.

ड्रायव्हर आहे, केबल लावली की पोर्टचा दिवाही लागतो, तरी नेट नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. तिथे दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. इथे खरा मुद्दा येतो: मदरबोर्ड बदलला की लॅनचा मॅक ॲड्रेसही (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलतो. तुम्हाला कॉम्प्युटर तोच वाटतो, नेटवर्कला तो परका आहे. राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक मॅकनाच आत घ्यायची अट, लावलेला असेल तर नव्याला प्रवेश नाही. केबल थेट कॉम्प्युटरला जोडलेली असेल आणि नेट देणाऱ्याने जुना मॅक बांधून ठेवला असेल तरी तेच. काही मोडेम पहिला दिसलेला मॅक धरून बसतात. अशा मोडेमची वीज पाचेक मिनिटं बंद ठेवून बघा.

जमलं नाही तर नेटवाल्याला नवा मॅक कळवा, हा सरळ मार्ग. तातडी असेल तर लॅन कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘नेटवर्क ॲड्रेस’ किंवा ‘लोकली ॲडमिनिस्टर्ड ॲड्रेस’ अशी नोंद असते. तिथे जुन्या बोर्डाचा मॅक, मधली चिन्हं वगळून, सलग १२ अक्षरांत भरा. वायफाय कार्डावर ही युक्ती बहुधा चालत नाही, तिथे विंडोज दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असलेलाच मॅक मान्य करतं. आणि जुना बोर्ड दुसऱ्या मशीनमध्ये त्याच घरात चालू असेल तर हे करूच नका. एकाच मॅकची दोन मशीनं म्हणजे दोघांचंही नेट लटकत राहणार.

जुनाच एसएसडी, जुन्या विंडोजसकट, नव्या बोर्डावर लावला असेल तर जुन्या लॅन कार्डाची नोंद आत लपून असते. हाताने दिलेला जुना आयपी नव्या कार्डाला देताना ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला आधीच दिलेला आहे’ असा निरोप येतो. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा आणि फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा. जाता जाता, कोऱ्या विंडोजवर ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ ही नेटवर्कची बिघडलेली सेटिंग्ज पूर्ववत करणारी कमांड चालवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. जिथे अजून काही बिघडायला वेळच मिळालेला नाही, तिथे त्याने काय सुधारणार?

पत्ता नीट मिळाला, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंगही (उत्तर येतं का बघणारी कमांड) जातो, पण ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखीच्या दाखल्याची) तक्रार करतोय, असं असेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बायोस रिसेट झाला किंवा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि आजची सर्टिफिकेटं त्या तारखेला ‘अजून सुरूच न झालेली’ ठरतात. फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर विंडोज सहसा आपणहून तो दुरुस्त करत नाही. तारीख हाताने बदला. पिंग जातो पण साइटचं नावच सापडत नाही, तर डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरच्या जागी) १.१.१.१ टाकून बघा.

लिनक्सवाल्यांसाठी एक: नवं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई एसएसडी लावल्यावर पीसीआयचे (बोर्डावरच्या खाचांचे) क्रमांक सरकतात आणि लॅन कार्डाचं कालचं नाव ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होतं. कॉन्फिग फाइलीत जुनंच नाव असेल तर ते कार्ड उठतच नाही. ‘आयपी लिंक’ चालवून नवं नाव घ्या.

नेट आलं पण वेग ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही, तर लिंक १०० एमबीपीएसवर बसली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. कॅबिनेट ओढताना एखादी तार तुटली किंवा प्लगची पिन वाकली की कार्ड गुपचूप १०० वर उतरतं. केबल बदलून बघा, मग राउटरचा दुसरा पोर्ट. दुसऱ्या केबलवर १००० दिसलं तर जुनीचं टोक कापून नवा आरजे४५ प्लग क्रिंप करा.