कॉर्टिकोस्टेरॉनवर सगळं खापर फोडण्याआधी

ताण वाढला की कोकेन किंवा अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थांचा परिणामही वाढतो. हे खरं आहे, पण अर्धवट. कोणता परिणाम आणि व्यसनाच्या कुठल्या टप्प्यावर, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ताणाच्या संप्रेरकांची साखळी ओळखीची आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ हे ४१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड सुटतं, त्यामुळे मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात येतं ते माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. मेख अशी की कोकेन स्वतःच ही साखळी चालू करतं. त्यामुळे कोकेन दिल्यावर संप्रेरक वाढलं, एवढ्यावरून कशामुळे काय झालं ते ठरत नाही.

म्हणून ग्रंथीच काढून बघतात. अधिवृक्क ग्रंथी काढलेले उंदीर कोकेन मिळवण्यासाठी पिंजऱ्यातली कळ दाबायला शिकत नाहीत. अन्नासाठी मात्र व्यवस्थित दाबतात, म्हणजे अशक्तपणा किंवा शिकण्यातला दोष हे कारण नव्हे. पिण्याच्या पाण्यातून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं की कोकेनची ओढ काही अंशी परतते. पिआत्झा, ल मोआल या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की नव्या जागेत जास्त धावपळ करणारे उंदीर अ‍ॅम्फेटामिन स्वतःहून घ्यायला लवकर लागतात. अशा उंदरांत नव्या जागेमुळे वाढलेलं कॉर्टिकोस्टेरॉन जास्त वेळ टिकतं, हे नंतर समजलं.

इथवर सगळं एकाच दिशेने जातं. गोंधळ होतो तो सवय मोडल्यानंतर पुन्हा सुरू होण्याच्या टप्प्यावर. कळ दाबून काहीच मिळत नाही म्हणून उंदराने ती सोडली, की अधूनमधून पायाला सौम्य विजेचे झटके देतात. उंदीर पुन्हा कळीवर येतो. हा ताणाचा परिणाम कॉर्टिकोस्टेरॉनच्या उसळीमुळे होतो असं वाटेल, पण तसं नाही. ग्रंथी काढून फक्त ताण नसतानाच्या मूळ पातळीइतकं संप्रेरक दिलं तरी उंदीर कळीवर परततो. तेवढंही दिलं नाही तरच परतत नाही. मुख्य काम मेंदूतल्याच सीआरएफचं आहे, विशेषतः स्ट्रिया टर्मिनॅलिसच्या केंद्रकात, म्हणजे ताणाशी निगडित अशा मेंदूच्या एका छोट्या भागात. तिथे सीआरएफचे ग्राही (त्याला पकडून पेशीला संदेश देणारे रेणू) अडवले की झटक्यांनंतरचं परतणं थांबतं. कॉर्टिकोस्टेरॉन इथे दार उघडं ठेवतं, आत ढकलत नाही. माझ्या मते या विषयावरच्या लिखाणात सर्वांत जास्त गल्लत इथेच होते.

मेंदूतल्या बक्षिसाच्या भावनेशी जोडलेल्या डोपामिन या रसायनाशी कॉर्टिकोस्टेरॉनचा संबंध निदान दोन वाटांनी येतो. डोपामिन ग्रहण करणाऱ्या पेशींमधले ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉन पकडणारे ग्राही, जनुकांमार्फत, सावकाश काम करतात. दुसरी वाट झटपट: जास्त पातळीचं कॉर्टिकोस्टेरॉन ओसीटी३ हा डोपामिन पेशींत उचलून नेणारा वाहक अडवतं, त्यामुळे पेशींबाहेरचं डोपामिन लवकर उचललं जात नाही. कोकेनने डोपामिनचा नेहमीचा वाहक आधीच बंद केलेला असताना ही भर जाणवते.

प्रयोग फसतात ते बहुधा साध्या गोष्टींनी. पिंजऱ्याला हात लावल्यापासून सुमारे ३ मिनिटांत रक्त घेतलं नाही, तर मोजली जाते ती तुमच्या हाताळणीने आलेली वाढ. सुई टोचणं हाच ताण असल्याने आधी काही दिवस नुसतं सलाइन टोचून सवय लावावी लागते. वेळही पाळायला हवी, कारण उंदरांत ही पातळी अंधार पडण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते, माणसात सकाळी. ग्रंथी काढल्यावर शरीरातलं मीठ राखणारं अ‍ॅल्डोस्टेरॉनही जातं, म्हणून प्यायला ०.९ टक्के मिठाचं पाणी न ठेवल्यास क्षार कमी पडून उंदीर मरतात. त्वचेखाली बसवलेली कॉर्टिकोस्टेरॉनची गोळी पातळी सपाट ठेवते, दिवस-रात्रीचा चढउतार परत आणत नाही. पाण्यातून दिल्यास तो काहीसा येतो, कारण उंदीर रात्री जास्त पितात.

शस्त्रक्रियेऐवजी मेटिरापोन हे औषध वापरलं तरी सुटका नाही. ते कॉर्टिकोस्टेरॉन तयार होण्याची शेवटची पायरी रोखतं, त्यामुळे आधीच्या पायरीचं डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन साचतं आणि कॉर्टिकोस्टेरॉनचा लगाम सुटल्यामुळे एसीटीएचही चढतं. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही अडवणारं मिफेप्रिस्टोन हे औषध प्रोजेस्टेरॉन या लैंगिक संप्रेरकाचेही ग्राही अडवतं, त्यामुळे माद्यांमधले आकडे वाचताना हे विसरून चालत नाही.