ते लोक गेले कुठे?

पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर आयलंडला जाऊन आल्यापासून एक प्रश्न हमखास येतो: 'ते पुतळे घडवणारे लोक गेले कुठे?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ते कुठेही गेलेले नाहीत. चिलीच्या राजधानीहून, सांतियागोहून, पाच-साडेपाच तास नुसता समुद्र ओलांडून विमान उतरतं, तेव्हा गळ्यात फुलांचे हार घालायला तेच लोक उभे असतात. बेटाचं त्यांचं नाव रापा नुई, आणि स्वतःलाही ते रापा नुईच म्हणवतात.

दगडी पुतळे, म्हणजे मोआई, हजाराच्या घरात आहेत. त्यांतले कितीतरी रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावर, खाणीतच राहिलेत. तिथे एका अर्धवट मोआईपाशी मी बराच वेळ थांबले. नाक, मिटलेले ओठ, लांब कान, पोटावर टेकवलेली निमुळती बोटं, सगळं कोरून झालेलं. फक्त पाठ अजून डोंगराला चिकटलेली. धातू ठाऊक नसलेल्या माणसांनी बेसॉल्टच्या दगडी हत्यारांनी हे केलं. आमची गाईड त्यांच्याबद्दल बोलत होती ती घरातल्या आजोबा-पणजोबांबद्दल बोलावं तशी. हे तिचे पूर्वज. किनाऱ्यावरचे बहुतेक मोआई समुद्राकडे पाठ करून उभे आहेत ते त्यासाठीच: नजर वस्तीवर, आपल्या माणसांवर.

या लोकांनी सगळी झाडं तोडली, आपसांत लढले आणि स्वतःच संपले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मीही ती ऐकूनच गेले होते. पण 2024 साली प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सतराव्या शतकातल्या अशा ऱ्हासाची खूण सापडली नाही. खरा घाला बाहेरून आला. 1862-63 मध्ये पेरूला गुलाम पुरवणाऱ्या जहाजांनी सुमारे दीड हजार माणसं पळवली. जे थोडे परत आले, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर उरली 111 माणसं. 1888 मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं, पुढे ते मेंढ्यांच्या कुरणासाठी एका कंपनीला दिलं, आणि ज्यांचं बेट त्यांनाच हांगा रोआ या एका गावात कोंडलं. त्यांना चिलीचे नागरिक म्हणून हक्क मिळाले ते थेट 1966 साली. हे वाचताना माझा संताप होतो, आजही.

आता 2017 पासून मोआईंच्या राष्ट्रीय उद्यानाचा कारभार रापा नुईंच्याच हाती आहे. उद्यानात स्थानिक गाईडशिवाय फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पैसे कमी पडत असतील तर मुक्कामाचा एखादा दिवस कमी करा, पण गाईडला घाई करू नका, त्यांना बोलू द्या.

बेटावरून गेला आहे तो होआ हाकानानाइआ, ब्रिटिश जहाजाने 1868 मध्ये उचलून नेलेला मोआई. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 2018 मध्ये रापा नुईंचं शिष्टमंडळ तिथे जाऊन त्याला परत मागून आलं. तो त्यांना मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.