पेत्राची लाज
आज ईस्टरच्या उपासनेनंतर आमच्या इंदूरच्या मंडळीतील किशोरवयीन मुलांबरोबर बसले होते. आम्ही येशूचा शिष्य पेत्र याच्याविषयी बोलत होतो. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो: 18व्या अध्यायात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने ‘मी त्याचा शिष्य नाही’ म्हणत प्रभू येशूला नाकारले, आणि 21व्यात, जिथे पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेल्या, प्रभूने त्यालाच न्याहारीला बोलावून, नाकारले तितक्याच वेळा, म्हणजे तीनदा, प्रीतीविषयी विचारले. मला हा प्रसंग दरवर्षी नव्याने हलवून टाकतो.

महिनाभर आजीशी अबोला धरलेली नववीतील एक मुलगी ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मावशी, क्षमा मिळाली हे कळते, पण ती घ्यायला लाज वाटते.” मी म्हणाले, लाज पेत्रालाही वाटली असेल, तरी त्याने किनाऱ्यावर प्रभू आहे हे ऐकताच त्याच्याकडे जायला होडीतून पाण्यात उडी टाकली. ती बराच वेळ गप्प होती. जाताना मात्र ईस्टरचे रंगवलेले एक अंडे आजीसाठी रुमालात बांधून घेऊन गेली.