घाऊक माफी

दुपारी जेवून जरा आडवी झाले, तोच फोन वाजला. 'कळत-नकळत मन दुखावलं असल्यास माफ करा. शाना तोवा!' (म्हणजे नवं वर्ष सुखाचं जावो.) खाली जोडलेले हात आणि एक डाळिंब. पाठवणारी मावसबहीण. आजीचं तांब्याचं तपेलं 'चार दिवसांसाठी' म्हणून नेलेली, तीच. निरोप सगळ्या खानदानाला एकदम. मीही जोडलेले हात पाठवून दिले. तपेल्याचा विषय कोणीच काढला नाही.

एलूल, म्हणजे आम्हा बेने इस्रायलींचा, कोकणातल्या ज्यूंचा, वर्षाचा शेवटचा महिना सरत आला की ही घाऊक माफी सुरू होते. शेजारच्या शहाकाकूंचं मिच्छामि दुक्कडमही साधारण तेव्हाच, त्यामुळे या दिवसांत मी अगदी धुतल्या तांदळासारखी असते.

आमच्या नववर्षाला आजी रोश हशाना म्हणायची नाही. नव्याचा सण. मग दारफाळणी, म्हणजे किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडक उपास, दारं लावून, पांढऱ्या कपड्यांत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म. आणि एलूलच्या उपासांना आमची जुनी माणसं चक्क रमजान म्हणत. कोकणात कोणाचं काय कोणाला चिकटेल, सांगता येत नाही.

आजोबा पहाटे अंधारात अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मशिदीत सलिहोथ, म्हणजे क्षमा मागण्याच्या प्रार्थना, म्हणायला जात. (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो.) आजी घरी हिशेब काढी. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीच्या रेघा असायच्या: नारळ पाडणारा, शिंपी, मासळीवाली. पैसे चुकते झाले की ओल्या बोटानं रेघ पुसायची. नव्याच्या सणाला कॅलेंडरची पाठ कोरी हवी. कोळणीनं टोपली उतरवली की आजी कनवटीचे पैसे काढून आधी तिच्या हातावर ठेवी, मग म्हणे, "बाय, पावसात तुला बोंबलावरनं वाकडं बोलले, मनात ठेवू नको." कोळीण म्हणायची, "मी कवाच इसरले." पुढच्या खेपेला बोंबील मात्र महाग.

आजीनं मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना ग्रंथ, वाचली नव्हती. देवाशी केलेला गुन्हा किप्पूरनं फिटतो, माणसाशी केलेला नाही. त्या माणसाचीच समजूत काढावी लागते, असं तिथं स्पष्ट आहे. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या रांबाम या ज्यू धर्मपंडितानं तर पुढची सगळी तजवीज लिहून ठेवली. ऐकत नसेल तर तिघांना घेऊन जा. पुन्हा जा, आणखी एकदा जा. तरी नाहीच म्हणाला, तर सोड, आता पाप त्याचं. आणि तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन कबरीवर जा आणि त्यांच्यासमोर म्हण, मी याचा अपराधी आहे. ग्रुपवर टाका, असं कुठंच नाही.

किप्पूरच्या सकाळी यशया या संदेष्ट्याचं वचन वाचतात. उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, हा कसला उपास, असं तो भर देवळात विचारतो. वाचन हिब्रूत, पोटं रिकामी, निम्मं लक्ष घड्याळाकडे. चालून जातं.

मला मात्र हल्ली ते दहाजण आठवत राहतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच. आमच्या सोसायटीच्या सभेत टाकी उपसण्याचं काम सर्वांत कमी दरवाल्याला जातं. आत कोण उतरतं, मशीन असतं का, हे विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात, ते कंत्राटदार बघतो. त्यातला कोणी गेला, तर कबर कोणाची शोधायची? आम्हाला तर नावही ठाऊक नाही. दहाजण मिळतील. सभेला तेवढा कोरम असतो.